नवरंग महोत्सव, पुढे ढकलला

२९ सप्टेंबर, घटस्थापना

बॅनर आला! देवाचे घट बसायच्या आधी आमच्या सोप्यावर बॅनर बसला. ‘इब्रामपूर नवरंग महोत्सव’ — त्याखाली ह्यांचा फोटो, ‘पक्षीमित्र कृष्णनाथ’ असं ठळक अक्षरात. नवरंग पक्ष्याचा फोटो मात्र कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी म्हटलं, पाहुणा कोण नि यजमान कोण ते कळत नाही. हे म्हणाले, “छापणाऱ्याची चूक.” पण बॅनर आत ठेवायला काही तयार होत नाहीत. येणारा-जाणारा बघतोय ना!

सगळी उठाठेव बाबलीची. बाबली म्हणजे व्हाळापलीकडचा, ओढ्याच्या त्या काठाचा, ह्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचा टिप्पर खनिज वाहत धावायचा. आता तो अंगणात उभा आहे, चाकांतून रान वाढलंय. पंचायतीत निवडून आल्यापासून बाबलीच्या डोक्यात एकच — गावात माणसं यायला हवीत. दर्या नाही, किल्ला नाही, मग काय दाखवणार? तर पाखरं! आमच्या दोन खोल्यांत पुण्या-बेळगावचे पक्षीवाले राहून जातात ते त्यानं पाहिलंय.

आणि नवरंग दसऱ्याच्या सुमाराला येतो हे ह्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाऊस सरला, की रातोरात उत्तरेकडून येतो. पोपटी पाठ, निळा खांदा, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. सांजेला शीळ घालतो — व्हीऽ-ट्यूऽ. खरंच देखणा आहे, नाव ठेवायला जागा नाही.

ह्यांनी जन्मभर खाणीच्या कचेरीत बसून डोंगर खणल्याचे हिशेब लिहिले. निवृत्त झाले आणि पाखरांना झाडं उरली नाहीत म्हणून हळहळू लागले! मी काही बोलत नाही. इथं लिहिते.

३ ऑक्टोबर

शीतल आली. कोल्हापूरची मुलगी, पाखरांच्या येण्या-जाण्यावर अभ्यास करते. हवामान बदलतंय तसं त्यांचं वेळापत्रक कसं बदलतं ते बघणार म्हणे. थेट दिवाळीनंतरपर्यंत मागची खोली तिची. मासे खात नाही! इब्रामपुरात येऊन मासे खात नाही. आता मी रोज काय रांधू?

पाऊस थांबत नाही.

७ ऑक्टोबर

उद्या दसरा. मंडप उभा आहे — शाळेच्या मैदानात, आंब्याच्या कडेला. मंडपात घोटाभर पाणी. नवरंगाचा पत्ता नाही.

बाबली दिवसातून तीनदा येऊन विचारतो, “नाथबाब, आयलो?” जसा काही आमच्या माळ्यावरच उतरणार आहे. हे पहाटेपासून छत्री घेऊन कुळागरात, पोफळींखाली. परत आले की मान हलवतात. बाबली कपाळ धरतो. संध्याकाळी महोत्सव समितीची बैठक आमच्याच सोप्यावर झाली, अध्यक्ष बाबली. ठरलं — महोत्सव पुढे, दिवाळीनंतर. बॅनरवरच्या तारखेवर चिकटपट्टी.

मी चहा देता देता विचारलं, दसरा दर वर्षी मागेपुढे सरकतो, कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबराच्या टोकाला. नवरंग काय पंचांग बघून निघतो? कोणी हसलं नाही. शीतल तेवढी हसली. बरी मुलगी आहे.

८ ऑक्टोबर

सोनं लुटलं. ओलंचिंब सोनं.

१२ ऑक्टोबर

गावाला नवीन खेळणं मिळालंय. पोदेर पावाचे उंडे द्यायला आला तोसुद्धा सायकलवरूनच ओरडला, “नाथबाब, नवरंग खंय पावलो? पत्रादेवीच्या नाक्यार अडकलो काय कितें?” ह्यांनी उंडे घेतले आणि तडक आत. एरवी पोदेराशी अर्धा तास गप्पा!

शीतलला मी सरळच विचारलं, बाई, तुमचा अभ्यास काय सांगतो? ती विळीपाशी बसून शेंगा निवडत होती. म्हणाली, “काकू, व्हाळावरचा करडा धोबी पाहिलात ना? तो वेळेवर आला. काही पाखरं दिवस लहान व्हायला लागले की निघतात. उजेड काही बदलत नाही, म्हणून ती चुकत नाहीत. नवरंगाचं तसं नसावं. तो तिकडे मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी पावसात पिल्लं काढतो. ओल्या मातीतले किडे-गांडुळं खातो. यंदा पाऊस परत फिरायलाच तयार नाही. मग तो कशाला निघेल?”

“म्हणजे आता दर वर्षी असंच?”

“एका वर्षावरून ठरवता येत नाही, काकू. पण पावसाचं जाणं मागे सरकत राहिलं तर पाखरंही सरकतील. आणि इथं पोचतील तेव्हा इथलं रान त्यांच्यासाठी थांबलेलं नसेल.”

हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “माझ्यावर कोणाचा विश्वास राहिला नाही, प्रभा.” मला वाटलं चेष्टा करू. नाही केली.

१८ ऑक्टोबर

आज भांडण झालं. खरं भांडण. दोघं एकमेकांवर आवाज चढवतात हे लग्न होऊन आल्यापासून मी पहिल्यांदा ऐकलं.

बाबली सरळ म्हणाला, “मोबायलार वाजोवया. झाडाफाटल्यान स्पीकर दवरूंया. लोकांक आवाज जाय, पाखरू कोण पळयता?” लोकांना आवाज मिळाला की झालं, पाखरू कोण बघतो म्हणे.

हे कदेल मागे ढकलून उठलेच. “तें फटोवप, बाबली! लोकांक फसोवप!”

“कोणाक फटयता? आज ना फाल्यां तो येतलोच मरे!”

“येतलो तेन्ना येतलो. तोवर म्हज्या नावार खोटी शीळ वाजची ना.”

मग बाबलीचा आवाज खाली आला. तो काय बोलला ते मला अजून टोचतंय. म्हणाला, नाथबाब, तुका पेन्शन आसा. म्हाका टिप्पर आसा — तो पण उबो.

आणि गेला. कपातला चहा तसाच.

२५ ऑक्टोबर

वादळ. ‘क्यार’ नाव म्हणे. नावं ठेवायला वेळ मिळतो हवामानवाल्यांना! दोन दिवस वीज नाही. कापायला आलेलं भात शेतात आडवं झालंय, लोंब्यांना जागच्या जागी मोड येतायत. चंद्रभागा — बाबलीची बायको — गुडघाभर पाण्यात उतरून पेंढ्या ओढत होती. मी आणि शीतल गेलो मदतीला. चंद्रभागा म्हणाली, “प्रभाताई, पाखराक वाट दिसना, आमकां भात दिसना.” आणि हसायला लागली. तिला हसू येतं कसं कोण जाणे. मला त्या हसण्यानंच रडू आलं. पावसात होते म्हणून कळलं नाही कोणाला.

हे जनेलाशी बसून बाहेर बघतायत. रात्री उडतात ही पाखरं. असल्या वाऱ्यात सापडली तर? 

२७ ऑक्टोबर, दिवाळी

पोरांचा कागदी नरकासुर जाळायची गरजच पडली नाही. भिजून आपोआप बसला! पाच तऱ्हेचे पोहे केले. बाबलीकडे डबा पाठवला, डबा रिकामा परत आला नाही — चंद्रभागेनं शेवया घातल्या. म्हणजे बायकांचं ठीक आहे.

३१ ऑक्टोबर

दुसरं वादळ. ‘महा’. दिवाळीनंतरची तारीख पण गेली. बॅनरवर आता चिकटपट्टीवर चिकटपट्टी. समितीनं शेवटची तारीख धरली — १७ नोव्हेंबर, रविवार. प्रमुख पाहुणे पणजीहून येणार आणि त्यांना पुढचे दोन महिने वेळ नाही. मंडपवाला म्हणतो आता काढला तर पुन्हा घालणार नाही. सगळ्यांना वेळेची घाई आहे. फक्त ज्याच्या नावानं चाललंय त्याला नाही.

९ नोव्हेंबर

आज तुळशीचं लग्न. तुळशीला नवरा वेळेवर मिळाला.

१४ नोव्हेंबर

ऊन पडलंय. हळद्या आला, भोरड्यांचा थवा गेला. नवरंग नाही. हे आता जेवताना सुद्धा कान तिकडे लावून बसतात. मी भांडं आपटलं तर रागावतात. घरात चोरासारखी वावरते मी! एका वितीभर पाखरासाठी.

तरी पण — लिहायला काय जातं — काल कुळागरात पाणी सोडायला गेले तेव्हा मीसुद्धा थांबून ऐकलं. बराच वेळ. मग स्वतःचाच राग आला.

१७ नोव्हेंबर

रात्र बरीच झालीय. तरी लिहितेच.

चारचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे सहाच्या सुमाराला आले. तोवर पुण्याची माणसं, बेळगावची माणसं, शाळेची मुलं, गाव — सगळे खुर्च्यांवर पेंगलेले. उजेड सरत आलेला. हॅलोजन लावले. बाबली कोरा शर्ट घालून नुसता पळत होता. चहा आला नव्हता, चहावाल्याला फोन लावत लावत तो आंब्याखाली जाऊन उभा राहिला. पाहुणे माइकवर आले, “पक्षी हे आपले मित्र आहेत” इथपर्यंत पोचले — आणि मागून शीळ!

व्हीऽ-ट्यूऽ.

सगळ्यांच्या माना वळल्या. परत — व्हीऽ-ट्यूऽ. स्वच्छ. हुबेहूब. अंगावर काटा आला माझ्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग मोठ्यांनी. पाहुणे खूश — आपल्या भाषणालाच पाखरानं दाद दिली असं वाटलं असणार.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बघत होते बाबलीकडे. बाबली आंब्याखाली, हातात मोबाइल, आणि तोंडावर हे एवढं हसू.

हे उठले. पाहुण्यांच्या हातातला माइक जवळजवळ ओढूनच घेतला. एरवी चार माणसांत ज्यांचा आवाज फुटत नाही, ते! म्हणाले, “मंडळी, माफ करा. हा नवरंग नव्हे. नवरंग अजून आलेला नाही. हा आवाज मोबाइलचा आहे.” आणि हात लांब करून सरळ बोट दाखवलं. “त्या तिथं. आमच्या समितीच्या अध्यक्षांचा.”

कोणी हसायला सुरुवात केली ठाऊक नाही. पण मग सगळेच हसले. पुणेकर जास्त. बाबली पुढे आला, मोबाइल वर धरून. “हांवें लावंक ना! देवाची आण! चायेक फोन करतालों हांव!” तसा हशा आणखी वाढला. “चायेक! चायेक!” मागची पोरं ओरडायला लागली.

पाहुण्यांनी ह्यांची पाठ थोपटली, असा प्रामाणिक माणूस हल्ली दिसत नाही म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. शीतल बिचारी सुरुवातीपासून फोटो काढत होती, तिनं कॅमेरा गळ्यातच सोडून दिला. लोक उठले. बाबली मंडपाच्या मधोमध उभा. मग चहा आला.

घरी येताना मी म्हटलं, कानात सांगितलं असतं तर? हे म्हणाले, “खोटं चारचौघांत झालं, मग खरं पण चारचौघांत.” मला बरोबर वाटलं ते. थोडा अभिमानसुद्धा वाटला, खोटं कशाला सांगू.

१८ नोव्हेंबर

शीतल कोल्हापूरला गेली. जाताना म्हणाली, “काका धीराचे आहेत.” बाबली दार उघडत नाही.

२० नोव्हेंबर

आला!! आज सांजेला, कुळागराच्या खालच्या अंगाला. ह्यांनी स्वतः पाहिला — पाचोळा उडवत होता. धावत येऊन मला नेलं, चूल तशीच टाकून गेले. दमलेला वाटला मला. शेपूट हलवून एकदा बघितलं आमच्याकडे, जसा काही आम्हीच उशीर केला.

हे लहान मुलासारखे रडले. शीतलला फोन केला — वीस नोव्हेंबर, आजवरचा सगळ्यात उशीर! मी मनात म्हटलं, बाबली, तीन दिवस कळ काढली असतीस तर!

२४ नोव्हेंबर

पेपरात बातमी. ‘पाखराऐवजी मोबाइल, पक्षीमित्राने उघड केला बनाव.’ बाबलीचं नाव पूर्ण छापलंय. ह्यांना दिवसभर फोन. म्हापशाच्या एका संस्थेला ह्यांचा सत्कार करायचा आहे. विषय — सत्यनिष्ठा! ह्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो.

गावात पोरं बाबलीला बघून मोबाइलवर शीळ वाजवतात. टिप्परच्या धुळीवर कोणी तरी बोटानं लिहिलंय — ‘नवरंग’.

१ डिसेंबर

विहिरीवर चंद्रभागा भेटली. मी थांबले. ती घागर भरून निघाली, मग वळली.

“प्रभाताई, म्हजो घोव कसोय आसूं. फटिंग न्हय.”

मी म्हटलं, जाऊ दे, होतं असं कधी. ती म्हणाली, “तेंच तर. जावंक ना.” आणि गेली.

फटिंग म्हणजे खोटारडा. ‘जावंक ना’ म्हणजे घडलंच नाही. शब्द साधेच. घरी येऊन भाताला मीठ दोनदा घातलं.

हे म्हणतात, बायको नवऱ्याची बाजू घेणारच. मी म्हटलं, हो. मीही घेतेच आहे.

१५ डिसेंबर

बाबलीनं पंचायत सोडली. टिप्पर भंगारात गेला — दोरखंड लावून ओढून नेला. रस्त्यावर बघायला अर्धं गाव होतं, बाबली नव्हता. तो आधीच दोडामार्गाला गेला होता. तिथं कोणाच्या तरी खडीच्या गाडीवर ड्रायव्हर. या वयात! घरी चंद्रभागा एकटी.

ह्यांनी दुर्बीण काढली, पुसली, परत ठेवली.

२९ डिसेंबर

पुढच्या रविवारी सत्कार. संस्थेच्या लोकांना ‘तो क्षण’ पाहिजे होता, म्हणून शीतलकडून सतरा तारखेचा फोटो मागवला. मोठा फ्लेक्स करणार, गावच्या तिठ्यावर पण लावणार. हे म्हणतात, कशाला एवढं. आणि मला विचारतात, पांढरा शर्ट बरा की निळा.

नवरंग रोज सांजेला वाजतो. अगदी घड्याळ लावून, उजेड सरताना. आता त्याला कोणी विचारत नाही!

५ जानेवारी

पहाटे फ्लेक्स लागला. हे बघायला गेले आणि लगेच परत आले. तोंड उतरलेलं.  म्हणून मीच गेले तिठ्यावर.

ह्यांचा हात लांब, बोट बाबलीवर. बाबली हसतोय. फोटो एवढा मोठा केल्यावर मागचा आंबाही आलाय, हॅलोजनच्या उजेडात लख्ख. बोटाच्या रेषेत, बाबलीच्या डोक्यावर, खालच्या फांदीवर नवरंग. मान मागे टाकलेली. चोच उघडी.

घरी आले तर हे नाहीत. इस्त्री केलेला शर्ट कदेलावर तसाच. दारात चंद्रभागा.

“नाथबाब दोडामार्गाच्या बशींत चडले,” ती म्हणाली. “आमच्या घोवाचो पत्तो म्हाका विचारून गेले.”

तिला आत ये म्हणायला तोंड उघडलं. तोवर ती आपणच आत आली.